लेडी ड्रिव्हन

नवशिक्यानं पहिली गाडी जुनीच घ्यावी, याबद्दल साताऱ्यात दुमत नाही. पालिकेचं पाणी, कासची गर्दी, पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर, कशावरही इथे घराघरात दोन तट पडतात. या एका मुद्द्यावर मात्र सासर, माहेर, शेजारपाजार आणि शाळेतला शिपाई एका सुरात बोलतात. कारण विचारलं की वाक्यही तेच, ‘ठोकली तरी वाईट वाटत नाही.’ मी गाडी ठोकणार हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. प्रश्न एवढाच होता, की कितीची ठोकायची. आमच्या ह्यांनी उभा जन्म बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. चहा संपायच्या आत त्यांनी ‘दोन लाख’ असा आकडा मंजूर केला.

माझं वय त्रेपन्न. विज्ञान शिकवते. शाळा कोरेगावच्या पुढे, जाणं-येणं एसटीनं. एसटीबद्दल माझी तक्रार नाही. सकाळची गाडी चुकली तर वडाप असतंच, आणि वडापमध्ये शेवटचा माणूस म्हणून अर्ध्या मांडीवर बसायची कला मला साधलेली आहे. पण निवृत्ती जवळ आली की माणसाला काहीतरी नवीन करून दाखवायची खुमखुमी येते. कुणी भजनी मंडळ काढतं, कुणी गच्चीवर ड्रॅगन फ्रूट लावतं. मी लायसन्स काढलं.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी फार सुरेख चालवायची. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाणारा चढ, स्टँडबाहेर आडव्यातिडव्या लागलेल्या जीपा, भर रस्त्यात रवंथ करणाऱ्या गाई, कशातही गाडी बंद पडली नाही. शिकवणारे सर पंचविशीतले. मला काकू म्हणायचे आणि बहुतेक वेळ खिडकीबाहेर बघत फोनवर बोलायचे. मला वाटायचं, केवढा हा विश्वास! पुढे एकदा सिग्नलला थांबलो असताना माझी चप्पल सटकली म्हणून मी खाली वाकले, तर सरांच्या पायाशीसुद्धा एक क्लच आणि एक ब्रेक. दोन्हींवर सरांचे पाय. इतके दिवस मी फक्त स्टीअरिंग धरून बसले होते. गाडी सर चालवत होते आणि फोनवर स्वतःच्या लग्नाचा हॉल ठरवत होते.

हे मी घरी सांगितलं नाही. परीक्षा मोकळ्या सपाट मैदानात झाली. आठ काढायचा असतो तो इंग्रजी आठ. मराठी आठ चालत असता तर मी एका दमात काढून निघून गेले असते. इंग्रजी आठाचं वरचं पोट जरा सुटलं, पण पास झाले. त्या मैदानात चढ नव्हता, ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. माझ्या तर मुळीच नाही.

मग कोणती गाडी, यावर घरात अधिवेशन भरलं. माझे थोरले दीर मारुती आठशेचे. १९८३ साली ती आली तेव्हा त्यांनी जी मान वर केली ती अजून खाली घेतलेली नाही. ‘आठशेसारखी गाडी होणे नाही,’ ते म्हणाले. खरंच झाली नाही, कारण २०१४ मध्ये तिचं उत्पादनच थांबलं. आता बाजारात जी सापडते ती पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर तरी असते नाहीतर उंबरठा ओलांडून बसलेली असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून घ्या, पर्यावरण कर भरा, आणि पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मागत आरटीओत उभ्या राहा. मला निवृत्तीआधी गाडी हवी होती, निवृत्तीनंतरचा उद्योग नको होता.

आमच्या शाळेतले गणिताचे सर नॅनोचे. ‘मॅडम, वळायला जागा किती कमी लागते बघा. आणि मुख्य म्हणजे इंजिन मागं. तुम्ही पुढून कितीही ठोका, इंजिनाला काही होत नाही.’ गणितवाल्यांचं हे असंच, गृहीतक पहिल्या ओळीत लिहून मोकळे. ह्यांनी फक्त एक विचारलं, ‘डिकी उघडते का?’ सुरुवातीच्या नॅनोंना मागून उघडणारं दारच नव्हतं, सामान मागची सीट पाडून आत सारायचं. ह्यांचं गाडीविषयीचं सगळं स्वप्न डिकीत आहे. त्यांना तिच्यात आंब्याच्या पेट्या ठेवायच्या आहेत. नॅनो तिथेच गळाली.

भाची म्हणाली, ‘मावशी, तू एएमटी घे. क्लचच नसतो पायाशी. सेलेरिओला २०१४ पासून आहे.’ हा त्या अधिवेशनातला सगळ्यात शहाणा सल्ला होता. मी तिला म्हटलं, ‘अगं, क्लच मी स्वतः शिकवते. घर्षणाच्या धड्यात.’

आणि आमचा चिरंजीव बंगळुरूहून एकच पालुपद लावून बसला. ‘आई, एअरबॅग.’ २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणून त्यानंतरची किंवा निदान ज्या मॉडेलला त्याआधीच हे दोन्ही होतं अशीच घे. एबीएस म्हणजे घाबरून ब्रेकवर उभं राहिलं तरी चाकं जाम होत नाहीत, स्टीअरिंग हातात राहतं. घाबरून ब्रेकवर उभं राहणं हा माझा रोजचा कार्यक्रम असणार, हे त्याला आईच्या पोटात असल्यापासून ठाऊक असावं. ह्यांनी विचारलं, ‘एअरबॅगचे सुटे किती घेतात?’ ती सुटी मिळत नाही म्हटल्यावर मंजूर रक्कम तीन लाखांवर गेली.

चिरंजीव मग रोज रात्री जुनी गाडी कशी तपासावी याचे व्हिडिओ पाठवू लागला. मी ते पाहून वहीत उतरवून घ्यायची. शिक्षकाला याहून मोठं सुख नाही. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला पांढरट फेस आहे का पाहा; असेल तर इंजिनात पाणी मिसळतंय. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा दाट आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट आत झिरपतंय. हे मला इतकं आवडलं की आठवीला ज्वलन शिकवताना मी ते मध्येच घुसडलं. मधल्या सुट्टीत मुलांनी मुख्याध्यापकांच्या गाडीमागे उभं राहून तिचा धूर निळा असल्याचं एकमतानं जाहीर केलं. त्या आठवड्यात मुख्याध्यापक माझ्याशी फक्त परिपत्रकाद्वारे बोलले.

वहीत आणखी एक मुद्दा होता. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे, विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवतोय. म्हणून गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवावा. सल्ला उत्तम आहे. फक्त आम्ही एप्रिलमध्ये, शाळा सुटल्यावर भर दुपारी जायचो. साताऱ्यापासून कराडपर्यंत हायवेच्या कडेला उन्हात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर मी हात ठेवला आणि प्रत्येक मालक मला लबाड वाटला.

टायरवर साल असतं, हेही मला तेव्हाच कळलं. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १११८ म्हणजे २०१८ चा अकरावा आठवडा. मी ह्यांना वाचायला सांगितलं, तर ते वाकून म्हणाले, ‘अकराशे अठरा. बाप रे, शिवाजी महाराजांच्या आधीचा!’

पण माझं खरं हत्यार चुंबक होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला पट्टीचुंबक, रुमालात गुंडाळून. गाडी ठोकून दुरुस्त केली असेल तर पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असतो, तिथे चुंबक धरत नाही, घसरतो. पहिल्याच गाडीपाशी मी तो पर्समधून काढला. ऑइल-टायर बघणाऱ्या बायका त्या माणसानं पाहिल्या असतील, चुंबकवाली पहिलीच. तो दोन पावलं मागे सरला. मी पुढच्या भागापासून सुरुवात केली. चुंबक लागेना. डावीकडे, उजवीकडे, कुठेच लागेना. मी ह्यांच्याकडे वळून दबक्या आवाजात, पण दहा फुटांवर स्पष्ट ऐकू जाईल असं सांगितलं, ‘अहो, अख्खं तोंड पुट्टीचं आहे. समोरासमोर धडक असणार. माणसं वाचली का विचारा.’

‘मॅडम,’ तो माणूस म्हणाला, ‘बंपर हाय त्यो. प्लॅस्टिकचाच येतो.’

हे लगेच रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडे जाऊन उभे राहिले. लग्नाच्या इतक्या वर्षांत मला त्यांची एवढी घाई पहिल्यांदा दिसली.

यानंतर कोणीही वही मिटली असती. मी पुढच्या पानावर ‘बंपर वगळून’ अशी दुरुस्ती केली.

जुन्या गाड्यांच्या बाजाराची एक बोली आहे आणि ती दोन-चार ठिकाणी फिरलं की अंगवळणी पडते. गाडी चांगली नसते, ‘मख्खन’ असते. एकाच मालकाची नसते, ‘सिंगल हँड’ असते. ‘कंपनी मेंटेन’ म्हणजे सर्व्हिसिंगची पुस्तिका हरवली आहे. ‘थोडं टचअप’ म्हणजे दार बदललंय. आणि सगळ्यात भारी बिरुद ‘लेडी ड्रिव्हन’. तेही साधी लेडी नाही, डॉक्टर मॅडम. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. पश्चिम महाराष्ट्रात विकायला उभ्या असलेल्या गाड्यांवरून हिशोब केला तर इथे बहुतेक लोकसंख्या स्त्रीरोगतज्ज्ञांची असावी.

अशीच एका डॉक्टर मॅडमची ऑल्टो आम्हाला कराडच्या अलीकडे दाखवली. एमएच-१०, म्हणजे सांगली पासिंग. पांढरीशुभ्र, आतून अगरबत्तीचा वास, सीटना नवी कोरी कव्हरं. मीटरवर अडतीस हजार. मी वाकून ब्रेकच्या पेडलकडे पाहिलं, तर त्यावरचं रबर मधोमध पार गुळगुळीत झालं होतं आणि एका कडेनं लोखंड दिसत होतं. दवाखाना ते घर एवढ्या अंतरात ब्रेकवर इतकी वेळ उभं राहायचं, तर दवाखाना सांगलीत आणि घर जम्मूला असलं पाहिजे.

‘मीटर ओरिजिनल?’

‘देवाशप्पत.’

मग मी वहीतला पुढचा मुद्दा काढला. सीटबेल्ट पूर्ण ओढायचा. आपण नेहमी ओढतो तेवढा नाही. खांबातून आणखी, आणखी, जिथे तो सहसा कधी बाहेरच येत नाही तिथपर्यंत. वरचा पट्टा काळा कुळकुळीत, धुतलेला. शेवटचा वीतभर मात्र तपकिरी निघाला, कडक, आणि त्यावर एक सरळ रेघ. रेघेखाली बोट फिरवलं तर बोटाला मैद्याइतका बारीक गाळ लागला. मॅट उचलून सीटच्या रुळांखाली टॉर्च मारली. बोल्ट गंजून लालभडक.

सांगली पासिंग, २०१६ चं मॉडेल आणि गाळ. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. त्या आठवड्यात घरंच्या घरं बुडाली, गाड्यांची काय कथा. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अगरबत्ती लावून चालू होते. खोड पुढे निघते. वायरींच्या जोडांत ओल राहते, ते आतून हिरवे पडत जातात, आणि वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या रात्री दिवे, वायपर, हॉर्न आपापल्या मर्जीनं वागू लागतात. एअरबॅगचा कंट्रोलरही सीटच्या पातळीला, खालीच बसवलेला असतो. आणि बुडालेली गाडी कुणी घाईनं सुरू करून पाहिली असेल तर संपलंच. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा दांडा वाकतो. द्रव पदार्थ असंपीड्य असतात, हे मी कित्येक पिढ्यांना शिकवलंय. इतकी चपखल जागा मला पहिल्यांदाच मिळाली. मी तिथेच सुरू झाले.

तो माणूस सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, ‘मॅडम, कृष्णामाईचं स्नान घडलंय म्हना की. त्यात काय वाईट?’

मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. घरी येताना एसटीत मी ह्यांना म्हटलं, आता मला कुणी फसवू शकत नाही. ह्यांनी मान डोलावली आणि कंडक्टरकडून सुटे परत घेतले. गाडी तपासण्याच्या शास्त्रात मी इतकी पारंगत झाले होते की गाडी चालवण्याचा विषय कित्येक आठवडे निघालाच नव्हता.

तो काढला मंगळवार पेठेतल्या काकांनी.

ह्यांच्या बँकेतल्या ओळखीतून कळलं की एक रिटायर्ड इंजिनियर वॅगनआर विकताहेत. काका ब्याऐंशीचे. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेलं. अगदी तरुणपणी कोयनानगरला नेमणूक, आणि डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथेच अनुभवलेला. गाडी २०१९ ची, नव्या बांधणीची, एक लिटर इंजिन, एबीएस आणि एअरबॅग दोन्ही. उंच सीट, उभ्या काचा. आत बसलं की बॉनेटचं टोक कुठे संपतं ते दिसतं. नवशिक्याला याहून जास्त काही लागत नाही, आणि पिकअपबिकअप बोलणाऱ्यांनी आधी स्वतःच्या गाडीचं टोक कुठे आहे ते सांगावं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलानं किल्ली काढून घेतली म्हणून काका विकत होते. किल्ली मुलाकडे, पण फाइल काकांकडे.

ती फाइल मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, लिटर, किलोमीटर, सरासरी. सर्व्हिसिंगची सगळी बिलं. टायर कधी फिरवले, बॅटरी कधी बदलली. मी मोठ्या आशेनं डाव्या आरशावरचा एक ओरखडा हुडकून काढला, तर फाइलमध्ये त्याचीही नोंद: ‘डावा आरसा, ओरखडा. दूधवाल्याची किटली. दुरुस्ती नाही. दूधवाला चांगला आहे.’ बेल्ट ओढला, स्वच्छ. पेडलवरचं रबर जसंच्या तसं. चुंबक पर्समध्येच राहिला. वही मिटून मी म्हटलं, ‘काका, गाडी पसंत आहे.’

‘ते ठीक,’ काका म्हणाले, ‘आता तुम्ही चालवून दाखवा.’

‘म्हणजे टेस्ट ड्राइव्ह?’

‘गाडीची टेस्ट मी रोज घेतो. तुमची घ्यायचीय.’

आणि त्यांनी मला समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणाऱ्या चढाला लावलं. सातारा खालून वर वसलेलं गाव आहे, हे मी लहानपणापासून जाणते, पण ते पायानं. क्लचच्या पायानं जाणण्याची वेळ पहिलीच. मध्यावर पुढे एक टेंपो थांबला, मी थांबले, टेंपो गेला, मी गेले नाही. गाडी बंद. पुन्हा सुरू केली, बंद. मागून हॉर्न. तिसऱ्यांदा ती सुरू झाली आणि मागे निघाली. काकांनी शांतपणे हँडब्रेक ओढला. कोयनेचा भूकंप अंगावर घेतलेला माणूस. पण दुसऱ्या हातानं त्यांनी खिडकीवरची कडी धरली होती आणि ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

‘बाई, क्लच म्हणजे काय? सांगा.’

हा प्रश्न मला! मी सरसावून बसले. इंजिनाकडे फ्लायव्हील, गिअरबॉक्सकडे क्लचची तबकडी. पेडल दाबलं की दोघांची ताटातूट. सोडलं की प्रेशर प्लेट तबकडीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि दोन्ही एकत्र फिरतात. अर्धवट दाबून ठेवलं तर तबकडी नुसती घासत राहते. घर्षणातून उष्णता, उष्णतेतून झीज.

‘शाबास,’ काका म्हणाले. ‘आता त्याच्यावरचा पाय काढा.’

त्या दिवशी त्यांनी गाडी दिली नाही. पुढच्या रविवारी बोलावलं. काकूंनी पोहे दिले आणि आतून ऐकू येईल असं पुटपुटल्या, ‘सून बघताना एवढं नव्हतं केलं.’ चढावर कसं उठायचं ते काकांनी शिकवलं: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, इंजिनाचा आवाज खाली बसला आणि बॉनेटनं किंचित मान उचलली की थोडा ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक सोडायचा. आणि क्लचवरचा पाय बाजूला, फळीवर. ‘पेडलवर नाही. फळीवर.’ हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणाले की शाळेत प्रार्थनेच्या वेळी माझा डावा पाय आपोआप सरकू लागला.

मिस्त्रीही त्यांनीच आणला, माझ्या बाजूनं तपासायला. मिस्त्रीनं गाडी खालून-वरून पाहून सांगितलं, ‘एक नंबर. क्लचला हातच लावायला नको, आजून पन्नास हजार सहज जातोय.’ मग किमतीचा विषय. मी घासाघीस शिकून गेले होते.

‘पावणेचार लाख,’ काका म्हणाले. ‘कमी नाही. तुम्हाला चालवता येत असती तर साडेतीनला दिली असती.’

ह्यांचा घरी येईपर्यंत एकच जप चालला होता. ‘ठोकायला पावणेचार लाख?’

कागदपत्रांचं फार सांगत नाही. फॉर्म २९, फॉर्म ३०, पीयूसी, विम्याचं नाव चौदा दिवसांच्या आत बदलून घ्यायचं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. काकांचा पन्नास टक्के काकांपाशी राहिला, मी शून्यापासून. गाडीवर काही दंड थकलाय का, ते ऑनलाइन ई-चलान तपासून पाहिलं. काकांच्या नावावर एकही नाही. सहज म्हणून आमच्या ॲक्टिव्हाचा नंबर घातला, तर पोवई नाक्यावरचे विनाहेल्मेट दोन, फोटोसकट. फोटोत हे. मागे आंब्याची पेटी.

गाडी देताना काकांनी एकच अट घातली. दर रविवारी फोन करणार. ते करतात. माझं कसं चाललंय हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. ‘गाडी कशी आहे?’ एवढं विचारतात, मी ‘छान’ म्हणते, मग ते ‘फळीवर?’ विचारतात, मी ‘फळीवर’ म्हणते आणि फोन बंद होतो.

मी रोज कोरेगावला गाडीनं जाऊ लागले. पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की त्याच्या मागे. त्याला मागे टाकणं माझ्या शास्त्रात बसत नाही. त्याच्या दोन ट्रॉल्या, मागे मी, माझ्यामागे एसटी, आणि एसटीत माझे जुने सोबती खिडकीतून हात करायचे. ट्रॅक्टर चालायचा-थांबायचा, मी चालायची-थांबायची, आणि दर वेळी पाय काढून परत ठेवण्यापेक्षा तो क्लचवरच राहिलेला बरा वाटायचा. हंगाम ऐन भरात होता. हवेत सारखा एक करपट, तिखट वास असायचा. मी काचा वर करून ह्यांना सांगायची, यंदा कारखान्याच्या मळीचा वास फार येतो. ह्यांचं नाक मुळात बँकेचं; त्यांनी मान्य केलं. हंगाम संपला, धुराडं थंड झालं, वास तसाच.

मग एका सकाळी चढावर मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलेना. कोरेगावातल्या एका मिस्त्रीकडे ती दोरीनं ओढत नेली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर गेले तर त्यानं गिअरबॉक्स उतरवून क्लचची तबकडी माझ्यासमोर फडक्यावर ठेवली. तिचं लायनिंग झिजून रिवेटांना टेकलं होतं, काही रिवेटांची डोकी घासून चकाकत होती. शेजारी प्रेशर प्लेट. तिच्यावर मोरपिसासारखे निळे-जांभळे डाग. लोखंड फार तापलं की असा रंग धरतं. तबकडी उचलून नाकाशी नेली. तोच वास, कारखान्याचा.

‘पयला मालक कोन होता, मॅडम?’ मिस्त्रीनं विचारलं.

‘रिटायर्ड गृहस्थ. ब्याऐंशीचे.’

‘वाटलंच मला.’ तो फडक्याला हात पुसत म्हणाला. ‘म्हातारी मानसं पाय ठिवून बसत्यात क्लचवर. किती बी सांगा, सवय जात न्हाई. जाळलाय बगा पार. आता तुमच्या हातात गाडी आल्या न्हवं, आता टिकंल. बायकांच्या हातात गाडी टिकती.’

‘किती झाले?’ मी विचारलं.

‘साडेसात. मजुरी धरून.’

मी पर्स उघडत होते तेवढ्यात फोन वाजला. रविवार नव्हता, तरी काकाच. मिस्त्री ऐकत होता, तबकडी अजून माझ्या हातात होती.

‘सहज केला,’ काका म्हणाले. ‘गाडी कशी आहे?’

‘मख्खन,’ मी म्हटलं.